महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांचे संघटन

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांचे संघटन म्हणजे राज्यातील द्राक्ष उत्पादकांनी संशोधन, तंत्रज्ञानाचा प्रसार, निर्यात आणि विक्री यांसाठी स्वतःची वर्गणी, मालावरील आकारणी आणि भागभांडवल यांच्या आधारे उभ्या केलेल्या संस्थांची परंपरा होय. १९६० मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ, १९९१ मध्ये सुरू झालेली महाग्रेप्स ही निर्यातसंस्था आणि २००३ नंतरच्या शेतकरी उत्पादक कंपन्या हे या परंपरेचे मुख्य टप्पे मानता येतात. खाण्याच्या द्राक्षांच्या बाबतीत ही परंपरा भक्कम आहे. वाइनच्या द्राक्षांच्या बाबतीत मात्र उद्योगाला मिळालेला आधार प्रामुख्याने राज्य शासनाच्या करसवलतींचा राहिला आणि उत्पादकांचा स्वतंत्र निधी उभा राहिला नाही. या फरकाचे परिणाम २००९ नंतरच्या मंदीत ठळकपणे दिसून आले.

पार्श्वभूमी

दख्खनच्या पठारावर द्राक्षवेल नवी नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेला प्रवासी इब्न बतूता याने तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे नोंदविले आहे. व्यापारी द्राक्षशेती मात्र विसाव्या शतकातील आहे. नाशिक जिल्ह्यात तिची सुरुवात १९२५ च्या सुमारास ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी केली, असे मानले जाते. त्या काळात भोकरी, फकडी, पंढरी साहेबी यांसारख्या बियांच्या जाती लावल्या जात. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. गो. सिं. चीमा यांच्या कामातून निवडली गेलेली ‘चीमा साहेबी’ ही जात पुढे बराच काळ लोकप्रिय होती. त्यानंतर थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात आली आणि द्राक्षशेतीचे अर्थकारण पालटले.

महाराष्ट्रातील द्राक्षशेतीचे एक वैशिष्ट्य संघटनेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. युरोप-अमेरिकेतील थंड प्रदेशांत वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. महाराष्ट्रात ती सुप्तावस्थेत जात नाही. म्हणून येथे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या करून वेलीला जणू नवे वर्ष शिकवावे लागते. परदेशी पाठ्यपुस्तकांतील वेळापत्रक येथे लागू पडत नाही. केवडा व भुरी या रोगांचा उपद्रव, पाण्याची व जमिनीतील क्षारांची अडचण, जिबरेलिक आम्लाचा वापर या सर्व बाबतींत उत्तरे येथेच शोधावी लागली. एकट्या बागायतदाराला प्रयोगाचा खर्च झेपणारा नव्हता आणि कृषी खात्याचे मनुष्यबळ अपुरे होते. अनुभवांची देवाणघेवाण करण्यासाठी एकत्र येण्याची गरज त्यातून निर्माण झाली.

महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ

हा संघ १९६० मध्ये काही प्रयोगशील बागायतदारांनी स्थापन केला. त्याचे मुख्यालय पुण्यात असून नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर असे त्याचे चार विभाग आहेत. संघ स्वतः द्राक्षे विकत घेत नाही वा विकत नाही. त्याचे काम ज्ञानाचे आणि प्रतिनिधित्वाचे आहे. दरवर्षी भरणारे अधिवेशन, छाटणीच्या हंगामाआधी विभागवार होणारी चर्चासत्रे, ‘द्राक्षवृत्त’ हे नियतकालिक आणि मांजरी येथील प्रयोगशाळा व संशोधनकार्य ही त्याची मुख्य साधने होत. जिबरेलिक आम्लासारख्या निविष्ठा एके काळी सहज मिळत नव्हत्या. त्या सभासदांना उपलब्ध करून देण्याचे कामही संघाने केले.

संघाचे उत्पन्न मुख्यतः सभासद वर्गणी, अधिवेशनातील नोंदणी व प्रदर्शन, नियतकालिक आणि सेवाशुल्क यांवर अवलंबून असते. त्यात सक्ती नाही. वर्गणी न भरणारा बागायतदारही शेजाऱ्याच्या बागेत जाऊन तीच छाटणी पाहू शकतो. सामूहिक निधीच्या प्रत्येक प्रयत्नाला भेडसावणारा हा प्रश्न येथेही आहे, पण तो फारसा बोचला नाही. याचे कारण द्राक्षशेतीच्या स्वरूपात आहे. एकरी काही लाख रुपयांची गुंतवणूक केलेल्या शेतकऱ्याला चुकीच्या आठवड्यात केलेल्या फवारणीचे मोल वर्गणीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक द्यावे लागते. अधिवेशनाचे मंडप भरलेले असतात ते यामुळे.

या काळातील संशोधनाचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या बागेत घडला, ही बाब भारतीय फलोत्पादनात काहीशी वेगळी आहे. तासगाव तालुक्यातील बोरगाव येथे थॉमसन सीडलेसमधून निवडलेली ‘तास-ए-गणेश’, सोलापूरजवळील नान्नज येथे नानासाहेब काळे यांनी निवडलेल्या ‘सोनाका’ व ‘शरद सीडलेस’ या जाती नैसर्गिक बदल हेरणाऱ्या बागायतदारांच्या नजरेतून आल्या. अशा जातींच्या काड्या हातोहात पसरल्या. त्यांवर स्वामित्वशुल्क नव्हते. नव्या जातीचा लाभ सर्वांना मिळणे हीच एका अर्थाने सामूहिक गुंतवणूक होती. पुढे पेटंट असलेल्या परदेशी जाती आल्यावर ही पद्धत अपुरी पडू लागली.

स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन संस्था असावी ही बागायतदारांची मागणी होती. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १८ जानेवारी १९९७ रोजी पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू केले. दुष्काळी व क्षारयुक्त जमिनीत तग धरणारे खुंट, उर्वरित अंशाची तपासणी आणि हवामानावर आधारित सल्ला ही त्याच्या कामाची प्रमुख क्षेत्रे ठरली. १९९० च्या दशकात डॉगरिज खुंटावर कलम करण्याची पद्धत पसरली नसती, तर सांगली-सोलापूरच्या कोरडवाहू पट्ट्यातील बागा टिकल्या असत्या की नाही, याविषयी शंका घेता येते.

आकारणी कोठे करायची

महाराष्ट्रात सामूहिक कृषी-निधीचे सर्वांत परिचित उदाहरण उसाचे आहे. सहकारी साखर कारखान्यात येणारा प्रत्येक टन ऊस वजनकाट्यावरून जातो. त्यामुळे उसाच्या बिलातून भागाची रक्कम, परतीची वा बिनपरतीची ठेव कापून घेता येते. १९७५ मध्ये मांजरी येथे स्थापन झालेल्या आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेला कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या टनामागे वर्गणी दिली आणि त्यातून देशातील एक मोठी ऊस संशोधन संस्था उभी राहिली. योगायोग असा की वाइन तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षणही याच संस्थेत दिले जाते. द्राक्षांचा उद्योग जे स्वतःसाठी उभे करू शकला नाही, त्यातील काही भाग उसाच्या पैशाने उभा राहिला.

द्राक्षाला असा वजनकाटा नाही. बहुतांश खाण्याची द्राक्षे शिवारातच, वेलीवर असताना विकली जातात. परप्रांतातून आलेला वा स्थानिक व्यापारी बागेत दर ठरवतो, माल खुडून नेतो आणि बरेचदा पैसे नंतर देतो. माल बाजार समितीच्या आवारात येतच नाही. त्यामुळे त्यावर उद्योगासाठी काही पैसे कापून घेण्याची जागाच उरत नाही. याच पद्धतीमुळे दुसरा, अधिक कटू प्रश्न निर्माण झाला आहे. रक्कम न देता पसार होणाऱ्या व्यापाऱ्यांमुळे नाशिक व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची फसवणूक होण्याचे प्रकार वारंवार घडतात. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी अशा थकबाकीच्या वसुलीसाठी विशेष मोहीम हाती घेतली होती. विनापरवाना खरेदीला आळा, व्यापाऱ्यांची नोंदणी आणि रोखीचा व्यवहार या मागण्या संघटनांच्या ठरावांत सातत्याने येतात.

बेदाण्याची स्थिती थोडी निराळी आहे. तासगाव व सांगली येथील बाजार समित्यांत बेदाण्याचे सौदे होतात, माल शीतगृहात राहतो आणि व्यवहाराची नोंद होते. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भाव पडला की ताजी द्राक्षे बेदाण्याकडे वळविता येतात, हा खाण्याच्या द्राक्षांच्या उत्पादकाचा शेवटचा आसरा असतो.

महाग्रेप्स

निर्यातीत मात्र वजनकाट्याची जागा सापडली. युरोपात द्राक्षे पाठवायची तर माल पूर्वशीतकरण केंद्रात व शीतगृहात न्यावाच लागतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी अशी केंद्रे उभारण्यास सुरुवात केली. राष्ट्रीय सहकार विकास निगम, महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ आणि कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरण (अपेडा) यांच्या साहाय्याने या संस्थांनी १९९१ मध्ये महाग्रेप्स ही भागीदारी संस्था स्थापन केली. तिचे भागीदार शेतकरी नसून सहकारी संस्था आहेत. सहकार कायद्याच्या चौकटीबाहेर भागीदारीचे रूप निवडल्यामुळे व्यापारी निर्णय झटपट घेता आले, असे तिच्या अभ्यासकांचे मत आहे.

आरंभीची वर्षे खडतर होती. युरोपात पोहोचलेला माल नाकारला गेला. देठ सुकलेले, मणी गळालेले, आकार एकसारखा नाही, अशा तक्रारी आल्या. दोष बागेपासून बोटीपर्यंत सर्वत्र होता. पूर्वशीतकरणास काही तासांचा उशीर झाला, तरी तो वीस-बावीस दिवसांच्या समुद्रप्रवासानंतर पेटीत दिसतो. काही संस्था बाहेर पडल्या आणि भागीदारांची संख्या पुढे सोळाच्या आसपास स्थिरावली. उरलेल्या संस्थांनी प्रतवारी, गंधकयुक्त पॅड, पेट्यांचा दर्जा आणि तोडणीचे वेळापत्रक यांवर एकत्रित खर्च केला.

खर्चाची रचना साधी होती. शेतकरी आपल्या संस्थेला किलोमागे सेवाशुल्क देई, संस्था महाग्रेप्सला. त्या मोबदल्यात तांत्रिक सल्ला, स्वस्त दरात जैविक निविष्ठा, प्रमाणीकरणाचा खर्च वाटून घेण्याची सोय आणि परदेशी खरेदीदाराशी वाटाघाट करणारी यंत्रणा मिळे. २००८ मध्ये ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या देवेश रॉय व अमित थोरात यांच्या अभ्यासात महाग्रेप्समार्फत निर्यात करणाऱ्या शेतकऱ्यांचे उत्पन्न स्थानिक बाजारात विकणाऱ्यांपेक्षा लक्षणीय अधिक असल्याचे आणि लहान शेतकरी या साखळीबाहेर ढकलले गेले नसल्याचे आढळले. महाग्रेप्सच्या धर्तीवर पुढे आंबा, डाळिंब, केळी आणि संत्रा या फळांसाठीही पणन मंडळाच्या प्रोत्साहनाने अशा संस्था निघाल्या. द्राक्षाइतके यश त्यांपैकी कोणालाही मिळाले, असे म्हणता येत नाही.

उर्वरित अंशाचा प्रश्न

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला. एका शेतकऱ्याची चूक सगळ्या देशाच्या मालाला भोवते, हे निर्यातदारांना त्या हंगामात कळून चुकले. त्यानंतर अपेडा आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी उर्वरित अंश संनियंत्रण योजना आखली. २००६ पासून ‘ग्रेपनेट’ या संगणकीय प्रणालीत प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंदणी, नमुना तपासणी आणि पेटीपर्यंतचा माग ठेवला जाऊ लागला. पिकासाठी अशी प्रणाली उभारण्याचा देशातील हा पहिला मोठा प्रयत्न होता.

तरीही २०१० मध्ये आणखी मोठा फटका बसला. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतील ‘सीसीसी’चा, अंश युरोपात आढळला. हे द्रव्य तोपर्यंत भारतात तपासल्या जाणाऱ्या द्रव्यांच्या यादीत नव्हते. माल बंदरांत अडकला, दर कोसळले आणि नुकसान थेट बागायतदारांपर्यंत येऊन पोहोचले. तपासणी यंत्रणा हा प्रत्येकाने भरलेल्या शुल्कावर चालणारा सामायिक विमा आहे. पण यादीत नसलेल्या धोक्याला तो लागू होत नाही, हे या घटनेतून दिसले. त्यानंतर यादी वाढविण्यात आली.

वाइनची द्राक्षे

खाण्याची आणि वाइनची द्राक्षे ही व्यवहाराच्या दृष्टीने दोन वेगळी पिके आहेत. शनिन ब्लां, सोव्हिन्यॉन ब्लां, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉन या जातींचे मणी लहान, बियांचे आणि रसाळ असतात. त्यांना ताज्या फळांच्या बाजारात गिऱ्हाईक नाही आणि बेदाण्यासाठीही त्या सोयीच्या नाहीत. उत्पादन हेतुतः कमी ठेवले जाते आणि दर साखरेच्या प्रमाणावर ठरतो. अशा बागेचा खरेदीदार एकच असतो: ज्या वायनरीशी करार झाला ती. वायनरीने माल उचलला नाही, तर वेलीवरच्या द्राक्षांना दुसरी वाट नसते. करार काही वर्षांचा असतो, वेल मात्र पंधरा-वीस वर्षांसाठी लावलेली असते.

आधुनिक वाइन उद्योगाची सुरुवात १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या नारायणगाव येथील चाटो इंडाज या कंपनीने केली. नाशिकजवळ १९९९ मध्ये सुला विनयार्ड्स सुरू झाली. १९ सप्टेंबर २००१ रोजी राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. द्राक्षवाइनला उत्पादन शुल्कात दहा वर्षांची पूर्ण सूट, लघुउद्योगाचा दर्जा, परवान्यांतील सुलभता आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळामार्फत नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क, अशा त्यातील मुख्य तरतुदी होत्या. द्राक्षाला जास्तीचा भाव मिळावा, हा धोरणाचा घोषित उद्देश होता. बागायतदारांनी त्याचे स्वागत केले आणि काहींनी स्वतःच वायनरी काढल्या. द्राक्ष पिकविण्यापेक्षा वाइन विकणे किती अवघड आहे, याचा अंदाज त्यांच्यापैकी थोड्यांनाच होता.

धोरणानंतर काही वर्षांतच राज्यात डझनावारी वायनरी उभ्या राहिल्या आणि हजारो एकरांवर वाइनच्या जाती लागल्या. २००८ अखेरची जागतिक मंदी आणि नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर ओसरलेले पर्यटन यांमुळे मागणी घटली. टाक्या भरलेल्या राहिल्या. २००९ च्या हंगामापासून अनेक वायनरींनी खरेदी कमी केली, दर पाडले किंवा पैसे थकवले. चाटो इंडाज आर्थिक संकटात सापडून अखेर बंद पडली. नाशिक व पुणे जिल्ह्यांतील बऱ्याच शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली तोडून खाण्याच्या जातींचे कलम केले वा बाग मोडली. लागवडीचा खर्च बुडाला तो त्यांचा. धोरणातील सवलतींचा थेट लाभ वायनरीला मिळत होता, उत्पादकाला नव्हे. आणि वाईट वर्षासाठी उत्पादकांनी एकत्रितपणे बाजूला ठेवलेले काहीच नव्हते.

याच सुमारास, २००९ मध्ये, केंद्र शासनाच्या अन्न प्रक्रिया उद्योग मंत्रालयाने भारतीय द्राक्ष प्रक्रिया मंडळ स्थापन केले व त्याचे मुख्यालय पुण्यात ठेवले. संशोधन, दर्जा आणि प्रचार ही त्याची उद्दिष्टे होती. त्यात उत्पादकांचे प्रतिनिधी असले, तरी त्याचा आर्थिक पाया शासकीय अनुदानाचा होता. राज्यातही मूल्यवर्धित कराचा मोठा भाग परत देण्याची वाइन उद्योग प्रोत्साहन योजना आली. वाइनवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के तीत उद्योगाला परत मिळत. मध्यंतरी खंडित झालेली ही योजना २०२३ मध्ये पुन्हा लागू करण्याचा निर्णय झाला. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

शासनाने सूट देणे आणि उत्पादकांनी वर्गणी भरणे यांत हिशेबाच्या पलीकडचा फरक आहे. वर्गणी भरणारा तिच्या खर्चाविषयी प्रश्न विचारतो. सूट मिळविण्यासाठी शासनदरबारी जावे लागते, आणि सूट कधी मागे घेतली जाईल हे सांगता येत नाही. २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वाइनवर लिटरमागे १० रुपये उत्पादन शुल्क आकारण्याचा निर्णय घेतला. त्या महसुलातून राज्याचे वाइन मंडळ उभे करण्याची कल्पनाही त्या सुमारास मांडली गेली. २७ जानेवारी २०२२ रोजी एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय झाला. शेतकऱ्यांचे हित हे त्याचे समर्थन होते. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि निर्णयाची अंमलबजावणी झाली नाही. या सगळ्या वादात शेतकऱ्याचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले गेले. करारातील दराची हमी, थकबाकीपासून संरक्षण वा मंडळातील मताधिकार यांवर मात्र फारशी चर्चा झाली नाही.

अन्य देशांतील पद्धती

वाइनच्या द्राक्षांवर उत्पादकांनी स्वतःवर आकारणी लावून घेण्याची उदाहरणे परदेशांत आहेत. फ्रान्समधील शांपेन प्रदेशात १२ एप्रिल १९४१ च्या कायद्याने द्राक्ष उत्पादक आणि वाइन व्यापारी यांची संयुक्त समिती स्थापन झाली. सदस्यांच्या अनिवार्य वर्गणीवर ती चालते आणि दोन्ही पक्षांना तीत समान स्थान असते. ऑस्ट्रेलियात उत्पादक व वायनरी यांच्याकडून टनामागे संशोधन आकारणी घेतली जाते आणि संशोधनावरील खर्चाला केंद्र सरकार जोड देते. कॅलिफोर्नियातील लोडाय या भागातील उत्पादकांनी १९९१ मध्ये, म्हणजे महाग्रेप्स स्थापन झाली त्याच वर्षी, मतदानाने आपला वाइन-द्राक्ष आयोग निर्माण केला. लोडायची द्राक्षे त्यापूर्वी दूरच्या मोठ्या वायनरींच्या मिश्रणात नाहीशी होत. आयोगाने गावाचे नाव बाटलीवर आणण्यासाठी आणि बागेतील पद्धती सुधारण्यासाठी पैसा वापरला.

या तिन्ही ठिकाणी आकारणी वायनरीच्या दारात होते. वाइनचे प्रत्येक द्राक्ष वायनरीत तोलले जाते, म्हणजे उसाच्या वजनकाट्याची सोय महाराष्ट्रातही या पिकापुरती उपलब्ध आहे. अडचण तांत्रिक नसून संख्येची व बळाची आहे. वाइनच्या द्राक्षांचे उत्पादक तुलनेने थोडे आहेत, प्रत्येकाचा करार स्वतंत्र आहे आणि खरेदीदार मोजकेच आहेत.

उत्पादक कंपन्या

कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी स्थापन करता येऊ लागली. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्मर्स प्रोड्यूसर कंपनी हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण होय. २००४ मध्ये काही शेतकऱ्यांच्या द्राक्षनिर्यातीतून सुरू झालेले हे काम देशातील मोठ्या द्राक्ष निर्यातदारांपैकी एक बनले. येथे सामूहिक निधीचे रूप भागभांडवलाचे आहे. शेतकरी भाग घेतो, माल देतो आणि प्रक्रियेतील नफ्याचा वाटेकरी होतो. पेटंट असलेल्या परदेशी जातींचे परवाने मिळविण्यासाठी असे भांडवल लागते. काड्या वाटून नवी जात पसरविण्याचे दिवस या जातींच्या बाबतीत संपले आहेत. २०२२ मध्ये सह्याद्रीच्या प्रक्रिया कंपनीत युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये गुंतविले. बाहेरचे भांडवल आल्यानंतर निर्णयाचे सूत्र शेतकऱ्यांकडे कितपत राहते, हा या प्रतिमानापुढील प्रश्न आहे.

विदर्भ आणि वर्धा जिल्हा

द्राक्षपट्टा पश्चिम महाराष्ट्र, नाशिक आणि मराठवाड्याच्या काही भागांपुरता मर्यादित आहे. पूर्वेकडील वर्धा जिल्ह्यात व्यापारी द्राक्षशेती रुजलेली नाही, आणि वाइनच्या बाबतीत तर तेथे कायद्याचीच आडकाठी आहे. सेवाग्राम व पवनार येथील गांधी-विनोबांच्या वास्तव्याशी निगडित असलेल्या या जिल्ह्यात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. २०२२ च्या सुपरमार्केट निर्णयातूनही दारूबंदी असलेले जिल्हे वगळण्यात आले होते. शासनाच्या औद्योगिक धोरणात वाइन हा शेतमालावरील प्रक्रियेचा उद्योग असला, तरी वर्ध्याच्या हद्दीत ती मद्यच ठरते.

सामूहिक निधीचा इतिहास मात्र वर्ध्याला अपरिचित नाही, कारण हा कापसाचा जिल्हा आहे. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मध्यवर्ती कापूस समितीसाठी १९२३ च्या कापूस उपकर कायद्याने निर्यात होणाऱ्या आणि गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या कापसावर उपकर बसविण्यात आला. हिंगणघाटसारख्या बाजारपेठांतून गिरण्यांकडे वा बंदराकडे जाणारा कापूसही या उपकराच्या कक्षेत आला. या पैशातून १९२४ मध्ये मुंबईत माटुंगा येथे कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा सुरू झाली आणि बियाणे-संशोधनाला आधार मिळाला. आकारणीची जागा अचूक निवडलेली होती: गिरणीचे दार आणि बंदर. मात्र समितीत व्यापारी, गिरणीमालक आणि शासन यांचे वजन अधिक होते. उपकराचा भार भावातून अखेर ज्याच्यावर पडत होता, तो कापूस उत्पादक तीत अल्पसंख्य राहिला. १९६६ मध्ये ही समिती विसर्जित झाली व तिच्या संस्था कृषी अनुसंधान परिषदेकडे गेल्या.

जिल्ह्यातील आर्वी, आष्टी आणि कारंजा हे तालुके नागपुरी संत्र्याच्या पट्ट्यात मोडतात. संत्र्यासाठी महाग्रेप्सच्या धर्तीवर स्थापन झालेल्या महाऑरेंज या संस्थेचे कार्यक्षेत्र हाच पट्टा आहे. संत्र्याची विक्रीही द्राक्षांप्रमाणे बरेचदा बागेतच, बहुधा बहार धरल्यावर उक्त्या भावाने होते. त्यामुळे किलोमागे आकारणी करण्यात येथेही तीच अडचण येते. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन एका व्यक्तीला दिले जात नाही; ते उत्पादकांच्या समूहाचे असते. ते टिकविण्यासाठी अधिकृत वापरकर्त्यांची नोंदणी, दर्जाची तपासणी आणि नावाच्या गैरवापराविरुद्ध कारवाई यांचा खर्च उत्पादकांना एकत्रितपणे उचलावा लागतो.